भोंग्याचा आवाज, चार पॉइंट चारवर

मैदानावर बाबांना सगळे भोंगा म्हणायचे. नोकरी काच कारखान्यात, भट्टीच्या पाळीवर. पण लोकांना ते माहीत होते ते रविवारच्या फुटबॉलमुळे. मैदानाच्या कडेला पत्र्याची एक उंच खोली होती. तिथे माइकसमोर बसून त्यांनी सव्वीस वर्षं सामन्यांचं वर्णन केलं. चेंडू कुणाकडे जाणार हे चेंडूच्या आधी भोंग्याला कळतं, असं प्रेक्षक म्हणत. घरातही तोच खाक्या. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असताना यांचं उत्तर तयार. आई म्हणायची, "लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण माझं एक वाक्य पूर्ण झाल्याचं मला आठवत नाही."

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी वेळ न घालवता शस्त्रक्रिया केली, स्वरयंत्र काढलं. जीव वाचला, आवाज गेला.

बाबा त्यातून उठले, हिंडूफिरू लागले, जेवू लागले. पाटीवर लिहून बोलू लागले. पण त्यांचा विनोद असा की तो लिहून होईपर्यंत शिळा व्हायचा. सगळे पाटीकडे बघत थांबायचे, ते खडू चालवायचे, आणि वाक्य संपेपर्यंत त्यांचं त्यांनाच वाटायचं, कशाला लिहिलं. चार महिन्यांत पाटी खिडकीत जाऊन पडली.

हॉस्पिटलात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. बारीक अंगाच्या, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधत फिरणाऱ्या. त्यांनी एक नवी गोष्ट सुचवली. हनुवटीखाली आणि मानेवर टिकलीएवढ्या सहा चकत्या चिकटवायच्या. माणसाने आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे. स्नायू कसे हलले ते चकत्या टिपतात, संगणकातला प्रोग्राम त्यावरून शब्द ओळखतो आणि मोठ्याने बोलतो. बोलतो तोही त्याच माणसाच्या आवाजात, जुनी रेकॉर्डिंग असली तर.

रेकॉर्डिंग होती. धाकट्याने, म्हणजे त्यांच्या मुलाने, शाळेत असल्यापासून बाबांचे सामने टेप करून ठेवले होते. एकोणीस कॅसेटी निघाल्या.

प्रोग्राम धाकट्याच्या जुन्या संगणकावर घातला. बाबांनी तीन आठवडे रोज तासभर समोर बसून ओठ हलवण्याचा सराव केला. एका दुपारी स्पीकरमधून आवाज आला, "चहा जरा जास्तच गोड झालाय." आई स्वयंपाकघरातून पळत बाहेर आली. तो आवाज त्यांचाच होता, सर्दी झाल्यासारखा थोडा भरलेला, पण त्यांचाच. त्या दिवशी घरातलं कुणी धड जेवलं नाही.

आनंद ओसरल्यावर अडचण लक्षात आली. बाबांचे ओठ हलायचे, मग सगळे चार-पाच सेकंद थांबायचे, मग वाक्य यायचं. पाटीपेक्षा बरं, एवढंच. आईने विचारलं, "भाजी कुठली करू?" की उत्तर येईपर्यंत ती दुसरं काहीतरी बोलून गेलेली असायची आणि तिच्या दुसऱ्या प्रश्नाला पहिलं उत्तर मिळायचं. "डॉक्टरांकडे कधी जायचंय?" "दुधी." सुरुवातीला सगळे हसले. नंतर बाबा बोलायचेच कमी झाले.

"याच्यात सलग बोलण्याची सोय आहे," बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं. "ओठ हलताहेत तोवरच आवाज येतो. अर्ध्या सेकंदाचाही फरक राहत नाही. पण तुमचं मशीन तिथे कमी पडतं."

त्यांनी सलगचं बटण दाबून दाखवलं. बाबांचे ओठ हलले. स्पीकर म्हणाला, "मला आज... बाहेर... जा... यचं..." आणि गप्प झाला.

थोरली दाराला टेकून बघत होती. ही त्यांची मोठी मुलगी, वय छत्तीस, दोन गल्ल्या सोडून राहायची. एका शीतगृहात कॉम्प्रेसर सांभाळणं हे तिचं काम. बटाटे, सफरचंदं आणि लसींच्या पेट्या ठरलेल्या तापमानात राहिल्या पाहिजेत, एवढ्यासाठी तिला पगार मिळायचा. संगणकाशी तिचा संबंध बिलं छापण्यापुरता. पण मोजमापाशी तिचं जुनं सख्य होतं.

"कमी पडतं म्हणजे किती?" तिने विचारलं.

बाईंनी चष्मा डोक्यावरून खाली घेतला आणि पडद्यावरचा आकडा वाचला. "दहा सेकंदांचं बोलणं तयार करायला याला अकरा पूर्णांक आठ सेकंद लागतात. दर दहा सेकंदांना पावणेदोन सेकंद मागे पडतो. मग सगळं तुंबतं आणि तुटतं."

"आणि किती लागले तर चालेल?"

"नऊ पूर्णांक सातच्या आत. हॉस्पिटलच्या यादीतून नवं मशीन येईल, पण यांचा नंबर पुढच्या वर्षी लागेल."

पुढचं वर्ष लांब होतं. मैदानावरचा अंतिम सामना सहा आठवड्यांवर आला होता. क्लबचे सेक्रेटरी मागच्या आठवड्यात घरी येऊन गेले होते. वर्षभर तेच कागदावरून नावं वाचत वर्णनाची जागा भरत होते. "तुम्ही नुसते येऊन बसा, आम्ही सत्कार करू," असं ते म्हणाले. ते गेल्यावर बाबांनी कितीतरी दिवसांनी पाटी खिडकीतून उचलली आणि एकच ओळ लिहिली: सत्कार मेल्यावर करा.

"एवढुसंच कमी पडतंय," थोरली भावाला म्हणाली. "अठरा-वीस टक्के. यातून काढता नाही येणार?"

धाकट्याचे डोळे चमकले. "ओव्हरक्लॉक करायचं. प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा. हा त्यातलाच आहे, कंपनीने वेग मोकळा ठेवलाय. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, एक बटणच असतं, दाबलं की आपोआप होतं."

आणि त्याने ते दाबलं. बहिणीला विचारलंही नाही. शनिवारी दुपारी ती आली तर पंखा केकाटत होता आणि धाकटा विजयी चेहऱ्याने उभा होता. "चार पॉइंट पाच गिगाहर्ट्झ. मुळात तीन पॉइंट सहा होता."

बाबांनी चकत्या लावल्या, सलगचं बटण दाबलं, ओठ हलवले. स्पीकर स्पष्ट म्हणाला, "आई कुठे आहे, तिला बोला..." आणि पडदा काळा झाला. पंखा थांबला. धाकट्याने घाईघाईने मशीनच्या अंगाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

आई धावत आली. "काय झालं? माझं नाव ऐकलं मी."

बाबांनी मानेवरच्या चकत्या एकेक करून काढल्या, डबीत ठेवल्या आणि ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्यांच्या पाठीकडे बघून थोरलीला भावाच्या कानाखाली काढावीशी वाटली. पण तो आधीच इतका उतरला होता की तिने ते राहू दिलं.

"चालू कर," ती म्हणाली. "आणि तू हात लावू नकोस. नुसतं काय कुठे असतं ते दाखव."

संगणक निवल्यावर सुरू झाला. काही जळलं नव्हतं. शंभर अंशांना पोचल्यावर प्रोसेसरने स्वतःला वाचवायला मशीन बंद केलं होतं. बायोसच्या पडद्यावर थोरलीने एकेक ओळ वाचली. एका ओळीवर ती थांबली.

"हे व्होल्टेज कुणी ठरवलं? एक पूर्णांक बेचाळीस?"

"त्या बटणाने. आपोआप."

"मुळात किती होतं?"

"एक पूर्णांक वीस."

"म्हणजे वेग वाढवायला लागतं त्यापेक्षा कितीतरी जास्त ओतलंय याने. कुठलाही प्रोसेसर चालला पाहिजे म्हणून डोळे मिटून ओतलंय." तिने पेन काढलं. "व्होल्टेज थोडं वाढलं की उष्णता त्याच्या दुपटीने वाढते. आमच्याकडे एखाद्या पोराने कॉम्प्रेसरचा दाब असा चढवला असता तर त्याला गेटबाहेर काढला असता."

आईने दारातून विचारलं, "मला कळेल असं सांग ना."

"आई, पळणाऱ्या माणसाला दोन घास जास्त लागतात. याने त्याला अख्खं पातेलं भरवलं. अंग तापणारच."

थोरलीने कंपनीचा माहितीचा कागद शोधून काढला आणि जाड वहीच्या पहिल्या पानावर दोन रेघा मारल्या. एका रेघेवर लिहिलं: तापमान पंच्याऐंशी, याच्या वर नाही. दुसरीवर: व्होल्टेज एक पूर्णांक तीस, याच्या वर नाही. कंपनीची मर्यादा याहून वर होती. पण तिच्या धंद्यात मर्यादेला टेकून कुणी यंत्र चालवत नसे.

मग तिने आधी सगळं मूळ जागी नेलं आणि मशीन उघडलं. आत धुळीचा थर इतका की पंख्याची पाती मळकट लोकरीची वाटत होती. प्रोसेसरवरचा छोटा पंखा काढला तर खालची पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ही पेस्ट प्रोसेसर आणि वरचा धातू यांच्यातल्या बारीक फटी भरते, म्हणजे उष्णता अडून राहत नाही. वाळली की तिचा काही उपयोग नाही. थोरलीने ती स्पिरिटने पुसली, ताज्या पेस्टचा वाटाण्याएवढा गोळा ठेवला आणि त्यावर नवा कूलर बसवला. तळहाताएवढे पंचेचाळीस पातळ पत्रे, त्यांतून गेलेल्या तांब्याच्या चार नळ्या, आणि समोर मोठा पंखा. स्क्रू तिने एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, थोडे थोडे करत आवळले.

"एकदम का नाही आवळत?" धाकट्याने विचारलं.

"एका बाजूला कलला तर पेस्ट दुसरीकडे जाते. गाडीच्या चाकाचे नट नाही का समोरासमोरचे आवळत?"

मूळ वेगावर आधी ते मशीन अठ्ठ्याऐंशी अंशांना जायचं. आता बासष्टला थांबलं. अजून काहीच पळवलं नव्हतं.

त्यानंतरचे दोन आठवडे वहीत आहेत. तीन पॉइंट सात, अर्धा तास चाचणी, ठीक. तीन पॉइंट आठ, अर्धा तास, ठीक. चाचणीचा प्रोग्राम प्रोसेसरला सतत गणितं घालायचा आणि एक जरी उत्तर चुकलं तरी लाल ओळ दाखवायचा. थोरली कामावरून आली की एक पायरी चढायची, पंख्याच्या आवाजात बसून भाजी निवडायची आणि आकडे लिहायची. चार पॉइंट एकपर्यंत जास्तीचं व्होल्टेज लागलंच नाही. चार पॉइंट दोनला लाल ओळ आली. तिने व्होल्टेज एक पूर्णांक बावीस केलं, लाल ओळ गेली. चार पॉइंट तीनला एक पूर्णांक पंचवीस. चार पॉइंट चारला एक पूर्णांक अठ्ठावीस, तापमान त्र्याहत्तर.

"चार पॉइंट पाच बघ ना," धाकटा म्हणाला.

तिने बघितलं. एक पूर्णांक अठ्ठावीसला मशीन सुरूच झालं नाही. तीसला सुरू झालं आणि सहा मिनिटांत लाल ओळ आली. थोरलीने वहीत काट मारली.

"अजून थोडं व्होल्टेज दिलं तर चालेल," भाऊ म्हणाला. "नेटवर लोक एक पूर्णांक चाळीस देतात."

"त्या लोकांना आकडा मित्रांना दाखवायचा असतो. मला बाबांना बोलतं ठेवायचंय. पाच वर्षं."

चार पॉइंट चारवर तिने चाचणी सहा तास चालू ठेवली. रविवार होता. आईने दर तासाला डोकावून विचारलं, "लाल?" आणि दर तासाला थोरलीने मान हलवली, नाही. दुपारी चारला चाचणी थांबवून तिने बोलण्याचा प्रोग्राम उघडला. पडद्यावरच्या आकड्याकडे ती बराच वेळ बघत राहिली. दहा सेकंदांच्या बोलण्याला नऊ पूर्णांक सहा पाच.

"बाबा, या."

बाबा लगेच आले नाहीत. मागच्या वेळची तोंडघशी पडल्याची आठवण होतीच. मग आले, बसले, चकत्या लावून घेतल्या. आई समोरच्या खुर्चीत कपड्यांच्या घड्या घालत होती आणि नेहमीप्रमाणे बोलत होती. "मी काय म्हणते, आता सामन्याला जायचंच असेल तर तुमचा तो निळा सदरा मी..."

"निळा नको, तो आता पोटावर बसत नाही," बाबा म्हणाले.

आईच्या हातातली घडी तशीच राहिली. तिने वर बघितलं. "मग तो राखाडी, पण त्याचं वरचं बटण..."

"तूच लावून दिलंस परवा. विसरलीस."

मधे खंड नव्हता. अडखळणं नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते आणि त्याच क्षणी आवाज येत होता. आईने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलायला लागले, तेव्हा धाकटा घाबरून पुढे झाला. पण ती हसत होती. हसता हसता तिचे डोळे वाहत होते. "सव्वा वर्ष झालं," ती म्हणाली, "सव्वा वर्ष मला माझी वाक्यं पूर्ण करावी लागली. जीव नकोसा झाला होता मला."

"मग आता सुट्टी घे," बाबा म्हणाले.

संध्याकाळपर्यंत दोघं भांडत होते. कशावरून ते थोरलीला नंतर आठवेना.

सामन्याचं वर्णन बाबाच करतील, हे थोरलीचं म्हणणं सेक्रेटरींनी ऐकून घेतलं, बाबांचा आवाज फोनवर ऐकून तर ते चाटच पडले. पण ते सावध माणूस होते. "पाच मिनिटं देतो," ते म्हणाले. "दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला. माणसं खूप येणार, मधेच बंद पडलं तर तुमचंच मन दुखेल."

फोन ठेवल्यावर थोरलीच्या मनात वेगळीच शंका आली. घरातली खोली चोवीस अंशांची. मैदानावरची पत्र्याची खोली दुपारी तीनला किती असेल? ती दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तापमापक घेऊन तिथे गेली आणि कुलूपबंद खोलीच्या खिडकीतून तो आत लटकवला. अडतीस.

बाहेरची हवा जितकी तापते, आतला प्रोसेसर तितकाच जास्त तापतो. हे गणित तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्र्याहत्तर अधिक चौदा. तिची रेघ पंच्याऐंशीची होती.

शीतगृहाबद्दल लोकांना वाटतं की तिथे सगळीकडे गारठा असतो. आतली सगळी उष्णता उपसून जिथे टाकली जाते ती कॉम्प्रेसरची खोली मात्र भट्टीसारखी असते. थोरलीने साहेबांची परवानगी घेतली, संगणक गाडीत घातला आणि त्या खोलीत एका टेबलावर नेऊन लावला. भिंतीवरचा काटा अडतीसवरच होता. सोबतचे मेकॅनिक जमा झाले. एकाने विचारलं, "ताई, हा आजारी आहे की याला शिक्षा झालीय?"

"परीक्षा आहे त्याची," ती म्हणाली.

पहिल्याच दिवशी तापमान एक्क्याण्णववर गेलं आणि तिने चाचणी थांबवली. हिशोबापेक्षा चार जास्त. तिने अगरबत्तीएवढी दोऱ्याची वात पेटवून मशीनच्या तोंडाशी धरली आणि धूर कुठे जातो ते बघितलं. पुढच्या बाजूला काचेचं सपाट दार होतं, हवा आत जायला जेमतेम फट. मागून बाहेर पडलेली गरम हवा टेबलामागच्या भिंतीला आपटून पुन्हा पुढे येत होती आणि त्याच फटीतून आत शिरत होती. मशीन आपलीच वाफ पुन्हा पुन्हा हुंगत होतं.

तिने काचेचं दार काढून टाकलं आणि तिथे जाळी लावली. पातळ पत्रा कापून, वाकवून एक लहानशी नळकांडी केली, जी बाहेरची ताजी हवा थेट कूलरच्या पंख्याशी नेईल. मागच्या पंख्याला दुसरी नळकांडी लावून गरम हवा वर सोडली. तिच्या हाताखालून अशा शेकडो नळकांड्या गेल्या होत्या, फक्त त्यांतून माणूस सरपटत जाईल एवढ्या मोठ्या. ऐंशी अंश. मग तिने व्होल्टेज उलट दिशेने चाचपलं, एक पूर्णांक सत्तावीस, एक पूर्णांक सव्वीस, प्रत्येकाला दोन तास. सव्वीसला लाल ओळ आली नाही. पंचवीसला आली. तिने सव्वीसवरही भरवसा न ठेवता सत्तावीस पक्कं केलं. एकोणऐंशी अंश.

"सव्वीसला चालतंय ना?" धाकट्याने विचारलं. त्यालाही आता वहीत लिहायची सवय लागली होती.

"चालतंय. पण बाबा कधी किती भरभर बोलतील ते तुला माहीत आहे का?"

सामन्याच्या दिवशी मैदान भरलं होतं. काच कारखाना विरुद्ध बस डेपो. कारखान्याकडून डावीकडे खेळणाऱ्या पोराला सगळे पोस्टमन म्हणत. पत्र्याच्या खोलीत थोरलीने मशीन खिडकीपासून लांब, सावलीत ठेवलं, मागे हातभर जागा सोडली. बोलणं शिकवणाऱ्या बाई आईबरोबर खाली पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पहिल्या हाफमध्ये सेक्रेटरींनी नेहमीसारखी नावं वाचली. काच कारखान्याने एक गोल खाल्ला, तो झाल्यावर थोड्या वेळाने लोकांना स्पीकरवरून कळला.

दुसरा हाफ सुरू झाला. सेक्रेटरींनी माइक संगणकाच्या स्पीकरपुढे ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. बाबांनी राखाडी सदऱ्याचं वरचं बटण काढलं, चकत्या नीट बसल्यात का ते बोटांनी चाचपलं. खाली मैदान, डोळ्यांसमोर चेंडू. त्यांनी चकत्या पुन्हा चाचपल्या, मग आणखी एकदा. 

"बाबा," ती हळूच म्हणाली, "डावीकडे कोण मोकळा आहे?"

त्यांनी बघितलं आणि त्यांना राहवलं नाही.

"डावीकडे पोस्टमन मोकळा," भोंग्यातून आवाज आला, "आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. सहा नंबर, वर बघ जरा. वर बघ. बघितलं. पास. पोस्टमन निघाला. डेपोचा बचाव अजून स्टॉपवर उभा आहे."

माणसं चेंडू सोडून खोलीकडे बघायला लागली. डेपोचा गोलकीपरसुद्धा क्षणभर वळला. मग पहिल्या रांगेतून कुणीतरी जोराने म्हणालं, "भोंगा आला रे," आणि ते सगळीकडे पसरत गेलं. चेंडू त्या वेळी बाहेर गेला होता, पण लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

"बसा, बसा," भोंगा म्हणाला. "मागच्यांना दिसत नाही. थ्रो डेपोचा."

पाच मिनिटं झाली. सेक्रेटरींनी माइककडे हात नेला. थोरलीची नजर पडद्यावर होती: शहात्तर, सत्त्याहत्तर. सेक्रेटरींनी खाली बघितलं, लोकांकडे, मग हात मागे घेतला, खुर्ची भिंतीला टेकवली आणि पाय लांब करून तेही ऐकायला लागले.

बाबा सुटले ते सुटलेच. वाऱ्याबरोबर वळलेल्या कॉर्नरबद्दल, रेफरीच्या नव्या बुटांबद्दल, डेपोच्या कॅप्टनच्या गुडघ्याबद्दल. साठाव्या मिनिटाला काच कारखान्याने बरोबरी केली. त्या वेळी ते इतके भरभर बोलले की थोरली पडद्याजवळ सरकली. पण प्रोग्राम मागे पडला नाही. ऐंशी अंश. एक्क्याऐंशी. खोलीत आता चाळीस झाले होते. धाकट्याने स्वतःची टोपी काढून जाळीसमोरच्या पत्र्यातली ऊन येणारी फट झाकली. एक्क्याऐंशीवर आकडा थांबला आणि तिथेच राहिला.

शेवटच्या मिनिटांत पोस्टमनने पुन्हा डावीकडून धाव घेतली. भोंगा त्याच्याबरोबर धावत होता. "एक गेला, दुसरा गेला, आता मारू नकोस, थांब, थांब, आत आठ नंबर येतोय, आता दे." पोस्टमनने दिला. आठ नंबरने पायाच्या आतल्या बाजूने चेंडू नुसता ढकलला. गोलकीपर दुसरीकडे पडला होता. बाबांनी गोल झाला असं म्हटलंच नाही. त्यांनी दोन्ही हात खाली आणले आणि लोकांचा आवाज माइकमधून जाऊ दिला.

सामना संपल्यावर डेपोचा कॅप्टन घामाने निथळत थेट वर आला. "काका, तुम्ही कारखान्याचे, म्हणून तुमचा ओढा तिकडेच. माझा गुडघा कशाला काढलात?"

"गुडघा मी काढला नाही, तो सहा नंबरने काढला."

"आणि तुमचा पहिला गोल ऑफसाइड होता, ते नाही सांगितलंत."

"ऑफसाइड कुठला? तुमचा उजवा बॅक गोलपोस्टला टेकून गप्पा मारत होता, त्याने सगळ्यांना..."

"तो पुढे आला होता..."

"कधी? चहाच्या वेळी?"

दोघं एकमेकांना बोलू देईनात. आई वर आली, दारात उभी राहिली आणि त्या भांडणाकडे असं बघत राहिली की जणू तिला कुणी गाणं ऐकवत होतं. कॅप्टन हरला, पण जाताना बाबांच्या पाया पडला आणि पुढच्या मोसमाचा पहिला सामना कधी आहे ते विचारून गेला. सेक्रेटरींनी वेळापत्रकाचा कागद बाबांसमोरच ठेवला.

बोलणं शिकवणाऱ्या बाई मागे रेंगाळल्या होत्या. चष्मा या वेळी डोळ्यांवर होता. "तुमच्या वहीची प्रत मला मिळेल?" त्यांनी थोरलीला विचारलं. "यादीत अजून चार जण आहेत. सगळ्यांची मशीनं अशीच थोड्यासाठी अडलीत. त्यांत एक शाळेतल्या बाई आहेत. वर्गात ओरडता येत नाही म्हणून घरी बसल्यात."

"वही घ्या," थोरली म्हणाली, "पण माझे आकडे त्यांना चालणार नाहीत. प्रत्येक प्रोसेसरचा पिंड वेगळा असतो. आमचा एक पूर्णांक सत्तावीसला पळतो, दुसरा तेवढ्यात थकेल, तिसऱ्याला तेवढं लागणारही नाही. प्रत्येकाचं पायरी पायरीने बघायला लागतं."

"मग कसं करायचं?"

थोरलीने धाकट्याकडे बघितलं. तो मागच्या नळकांडीतून येणारी हवा हाताने तपासत होता.

"त्या शाळेतल्या बाईंकडे आम्ही रविवारी येतो," ती म्हणाली. "सकाळी. मशीन उघडायच्या आधी त्यांच्या खोलीचं तापमान मात्र तीन-चार दिवस लिहून ठेवायला सांगा. दुपारचं."